सहा अलार्म आणि चिमूटभर धूर

ही हकीकत सुरू झाली तोवर आमच्या घरात आग कधीच लागलेली नव्हती. फक्त पाव जळत असे. तोही रोज नाही, आणि ज्याला तो खायचा असे त्याची त्याबद्दल कधी तक्रारही नव्हती.

खाणारे म्हणजे माझे वडील, अण्णा. वय वर्षं एक्क्याऐंशी. सकाळी सात वाजता ते स्वतःचा चहा स्वतः करतात, पावाचे दोन काप तव्यावर टाकतात आणि ओट्याला टेकून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. मागे एकदा त्यांना महिनाभर सर्दी झाली होती. ती गेली, पण जाताना त्यांची वास घेण्याची शक्ती घेऊन गेली. त्यामुळे जळल्याचा वास त्यांना येत नाही. धूर दिसू शकतो, पण त्यासाठी कोड्यातून डोळे वर करावे लागतात, आणि अण्णांनी हातातलं काम अर्धवट टाकून मान वर केल्याचं मी जन्मापासून पाहिलेलं नाही.

एका रविवारी माझी थोरली बहीण न कळवता आली. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे. कोणत्याही खोलीत न कळवता शिरायचं आणि आतले लोक काय करताहेत ते दारातूनच टिपायचं, याचा तिला तीस वर्षांचा सराव आहे. मी दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरातून एक निळसर ढग सावकाश बाहेर येत होता आणि ढगाच्या मध्यभागी अण्णा पेन्सिलीचं टोक चावत उभे होते.

"अण्णा!" ताई किंचाळली.

"आलीस? बरं झालं," ढगातून आवाज आला. "एक पाच अक्षरी पक्षी सांग बघू."

ताईने पक्षी सांगितला नाही. तिने खिडक्या उघडल्या, मला बाहेरच्या खोलीत बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्याच निकाल जाहीर केला. "एक तर या घरात धुराचे अलार्म बसतील, नाही तर अण्णा माझ्याकडे राहायला येतील. मी त्यांची खोली रिकामी करून ठेवते. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन येईन. अलार्म लागल्याचं अग्निशमन कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवलंस तर चहा घेऊन जाईन. नाही तर अण्णांना घेऊन जाईन."

"अगं, मी सांगतो ना, लावतो म्हणून..."

"तोंडी सांगू नकोस. कागद दाखव. शिक्क्यासकट."

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "तिचं घर चांगलं आहे रे. जावईही सज्जन आहेत. पण तिथे मी पाणी प्यायला ग्लास उचलला की दोन माणसं धावत येतात." मग जळका भाग सुरीने खरवडत, कापाकडेच बघत ते म्हणाले, "माझा चहा मी करतोय, तोवर मी माझ्या घरात आहे." आणि पुन्हा कोड्यात शिरले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो सुरू झाला होता.

मला एकच अलार्म आणायचा होता. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक सद्गृहस्थ राहतात, त्यांना सगळी इमारत 'तज्ज्ञ' म्हणते. कशातले तज्ज्ञ, हे कुणाला माहीत नाही. निवृत्तीपूर्वी ते काय करत होते हेही कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर ते सांगतील. मी पिशवी घेऊन जिना उतरताना त्यांनी मला गाठलं.

"एक? एक अलार्म म्हणजे शून्य अलार्म," ते म्हणाले. "धूर काय तुमच्या अलार्मला विचारून त्याच खोलीत निघणार आहे? प्रत्येक खोलीत एक हवा. आणि एकमेकांशी जोडलेले हवेत. एक बोंबलला की सगळ्यांनी बोंबललं पाहिजे."

त्यांच्या बोलण्यात असा काही ठामपणा असतो की आपण आजवर जिवंत कसे राहिलो याचंच नवल वाटू लागतं. मी सहा अलार्म घेऊन घरी आलो.

"अहो, आपल्या खोल्या किती?" बायकोने विचारलं.

"चार."

"मग हे सहा?"

"एक पॅसेजमध्ये आणि एक बाथरूमबाहेर."

"बाथरूममध्ये काय पेटणार आहे?"

याचं उत्तर मी तज्ज्ञांकडून आणलं नव्हतं, म्हणून मी माहितीपुस्तिका उघडली. पुस्तिका चाळीस पानांची होती आणि त्यातली अडतीस पानं यंत्र कुठे लावू नये हे सांगण्यात खर्ची पडली होती. कोपऱ्यात लावू नये. पंख्याजवळ लावू नये. खिडकीजवळ, दिव्याजवळ, चुलीजवळ, नळाजवळ लावू नये. उतरत्या छताला लावू नये आणि भिंतीला शक्यतो लावू नये. सगळ्या अटी काटेकोरपणे पाळल्यावर ते लावण्याजोगी एकच जागा उरली. ती शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात होती.

मग वायरमन आला. तो अबोल आणि उदास होता. त्याने शिडी उभी केली, ड्रिल वर नेलं, आणि पहिल्याच भोकाला म्हणाला, "साहेब, इथे लोखंड आहे." दुसऱ्या भोकालाही लोखंड होतं. तिसऱ्या भोकाला काहीच नव्हतं, म्हणजे प्लास्टरसुद्धा नव्हतं. ते सगळं माझ्या डोक्यावर आलं, कारण शिडी मी धरली होती. शिडी धरणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. वर बघावं तर डोळ्यांत माती जाते, खाली बघावं तर वरचा माणूस घाबरतो. मी मधोमध, समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. थोड्या वेळाने वरून प्रश्न आला, "साहेब, घरात दुसरं कुणी आहे का धरायला?"

बायको आली. सहाही यंत्रं तासाभरात बसली. जाताना वायरमन तिला म्हणाला, "वहिनी, तुमचा हात चांगला आहे." मी केस झटकत शेजारीच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेलो. गरम पाण्याची वाफ दाराखालून बाहेर पडली, बाथरूमबाहेरच्या अलार्मला ती दिसली आणि तो ओरडला. तो ओरडल्याबरोबर उरलेले पाच ओरडले. मी टॉवेल गुंडाळून बाहेर धावलो, तर घरातली माणसं शांतपणे कान झाकून बसली होती. आठवडाभर हे रोज चाललं. माझी आंघोळ हा तोवर माझा खाजगी विषय होता. आता तो तीन मजल्यांना कळू लागला. एका संध्याकाळी जिन्यात एक बाई मला म्हणाल्या, "आज दोनदा केलीत?" मी हो म्हणालो. नाही म्हणायला पुरावा नव्हता.

अण्णांना मात्र अलार्म मनापासून आवडले. असं काहीतरी घरात हवंच होतं, असं ते म्हणू लागले. का, ते मला चौथ्या दिवशी कळलं. ते तव्यावर पाव टाकत आणि निर्धास्त कोडं सोडवत. धूर झाला की सहा अलार्म एकदम वाजत. मग अण्णा पेन्सिल कानावर ठेवत, काप उलटवत आणि टॉवेलने वारा घालत. दुसऱ्यांदा वाजले की काप ताटलीत.

"अण्णा, तो धोक्याचा इशारा आहे," मी ओरडून सांगितलं. ओरडून, कारण अलार्म चालूच होते.

"असेल," अण्णा म्हणाले. "पण वेळेवर देतो."

मी पुन्हा तज्ज्ञांकडे गेलो. शहाण्या माणसाने एव्हाना जाणं सोडलं असतं, हे मला मान्य आहे. तज्ज्ञांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "टोप्या घाला." आंघोळ करताना बायका केस भिजू नयेत म्हणून घालतात त्या प्लास्टिकच्या टोप्या. आंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी अलार्मना टोपी घालायची, एरवी काढून ठेवायची. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या सहाच्या संचात मिळाल्या, निळ्या फुलांच्या. मला हा शुभशकुन वाटला. पण आमच्या घरी कुणीतरी आंघोळ करत असतं, नाही तर कुणीतरी काहीतरी शिजवत असतं. हळूहळू टोप्या काढायचं राहून जाऊ लागलं. घरात विलक्षण शांतता पसरली आणि आपण किती सुरक्षित आहोत, असं सगळ्यांना वाटू लागलं.

ती शांतता एका दुपारी मोडली. जेवणं झाली होती, जो तो आडवा झाला होता, आणि कुठूनतरी आवाज आला, 'टिक्!' एवढाच. मिनिटभर काही नाही, मग पुन्हा 'टिक्!' पुस्तिकेच्या उरलेल्या दोन पानांपैकी एकावर लिहिलं होतं की सेल संपत आला की यंत्र मिनिटाला एकदा टिकटिकतं. पण सहांपैकी कोणतं? मी कुटुंबाला पांगवलं. बायको बाहेरच्या खोलीत, अण्णा स्वयंपाकघरात, मी पॅसेजमध्ये, प्रत्येकजण एकेका अलार्मखाली मान वर करून.

"माझा नाही," बायको ओरडली.

"माझाही नाही," अण्णा म्हणाले. "पण इथे बरं वाटतंय. चहा टाकू का?"

आम्ही जागा बदलल्या. पुन्हा बदलल्या. शेवटी मी सहाही अलार्मचे सेल बदलले, स्टुलावर सहा वेळा चढलो, पाच वेळा उतरलो आणि एकदा पडलो. 'टिक्!' आवाज तसाच. मग बायको जमिनीला कान लावून म्हणाली, "अहो, हा खालून येतोय."

मी तज्ज्ञांचं दार वाजवलं. त्यांच्या दिवाणखान्यात छताला एकच अलार्म होता, धुळीने राखाडी झालेला, आणि मिनिटाला एकदा प्राण सोडत होता.

"कसला आवाज?" तज्ज्ञ म्हणाले. "छे! हा तर गेल्या वर्षापासून असाच आहे."

यानंतर मी सल्ला घेणं थांबवलं आणि थेट शासनाकडे वळलो. अग्निशमन कार्यालयात एका खिडकीमागे एक कारकून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आग लागून गेलीय की लागायची आहे?"

"लागू नये म्हणून आलोय."

"म्हणजे लागायची आहे. तीन नंबरची खिडकी."

तीन नंबरच्या खिडकीतही तेच कारकून होते. ते खुर्ची सरकवून आले. त्यांनी दिलेल्या अर्जात घराचा नकाशा काढायचा होता, तो मी काढला. छताची उंची लिहायची होती, ती मी स्टुलावरून पडताना साधारण अजमावली होती, ती लिहिली. शेवटचा रकाना होता, 'अर्जदाराचा धुराशी संबंध'. मी बराच विचार केला आणि लिहिलं, 'वडिलांकडून'. कारकुनांनी ते वाचलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता शिक्का मारला आणि तपासणीची तारीख दिली. तो नेमका महिन्याचा शेवटचा शनिवार होता.

"याच्या अलीकडची नाही का मिळणार?" मी विचारलं. "त्या दिवशी माझी बहीण येणार आहे."

"मग बरंच आहे. घरात कुणीतरी असेल. मागे एकाच्या दाराला कुलूप होतं, त्याला पुढची तारीख सात महिन्यांनी मिळाली."

शनिवारी ताई साडेदहाला आली, निरीक्षक अकराला. ताईची गाडी खाली उभी होती आणि मागचं सीट तिने रिकामं ठेवलं होतं, हे मी खिडकीतून पाहिलं. अण्णांनीही पाहिलं असावं. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि ते नेहमीपेक्षा ताठ बसले होते. तज्ज्ञ बोलावल्याशिवाय आले होते.

निरीक्षक साहेब सडपातळ, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. आत आल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. मीही पाहिलं.

"हे काय आहे?"

"टोपी."

"कुणाची?"

"अलार्मची," बायको म्हणाली. "त्याला वाफ सोसत नाही."

"म्हणजे धूर असला की यांना टोपी, आणि धूर नसला की हे उघडे?"

"हो."

"वाहन चालवताना हेल्मेट काढून ठेवायचं आणि घरी बसल्यावर घालायचं, तसं झालं हे." त्यांनी हात पुढे केला. मी सहाही टोप्या काढून दिल्या, त्यांनी त्या घडी करून बॅगेत टाकल्या. मग बाथरूमबाहेरच्या अलार्मकडे बोट दाखवून म्हणाले, "हा दारापासून चार पावलं पलीकडे लावला असता तर वाफ पोचलीच नसती. कुणी सांगितलं होतं इथे लावायला?"

सगळ्यांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञ छताकडे पाहत होते.

ताईने पर्समधून डायरी काढून काहीतरी लिहिलं. माझ्या शाळेपासून मला त्या डायरीची भीती वाटते.

आता शेवटची चाचणी उरली. निरीक्षकांनी बॅगेतून फवाऱ्याचा डबा काढला. त्यातून खोटा धूर निघतो, तो अलार्मला दाखवायचा असतो. त्यांनी डबा वर धरून दाबला. 'फुस्स' असा आवाज आला आणि डबा संपला. त्यांनी तो हलवून पाहिला, कानाशी नेला, बॅगेत ठेवला.

"बटण दाबून बघा ना," मी म्हणालो.

"बटण दाबून त्याचा घसा कळतो. नाक कळत नाही. घरात थोडा धूर मिळेल का?"

चार जणांनी एकाच वेळी अण्णांकडे पाहिलं.

अण्णा उठले. सन्मानाने उठले. बाह्या दुमडल्या, तवा ठेवला, दोन काप टाकले. आम्ही सगळे स्वयंपाकघरात अर्धवर्तुळ करून उभे राहिलो. निरीक्षकांनी घड्याळ काढलं. अण्णांनी तव्यावरून नजर हलवली नाही. इतकी माणसं पाहायला उभी असताना ते दुसरीकडे कुठे बघणार? योग्य वेळी त्यांनी काप उलटवले. खालची बाजू सोनेरी होती. मी माझ्या वडिलांच्या हातचा इतका सुंदर पाव कधी पाहिला नव्हता.

"अण्णा, जरा राहू द्या अजून," मी कुजबुजलो.

"अरे, जळेल!"

"जळू दे, अण्णा!" ताई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि तिची तीच दचकली.

मी धावत जाऊन वर्तमानपत्र आणलं आणि अण्णांच्या हातात कोंबलं. "कोडं सोडवा ना."

"आजचं झालं. तुम्ही सगळे येणार म्हणून सकाळीच उरकलं."

"मग कालचं!"

"कालचं अर्धवट ठेवीन का मी?"

चार काप झाले. चारही सोनेरी. एक निरीक्षकांनी खाल्ला, एक तज्ज्ञांनी न विचारता घेतला. निरीक्षक हात पुसत म्हणाले, "पाव उत्तम. पण धूर नाही म्हणजे चाचणी नाही. पुढची तारीख..." आणि त्यांनी बॅगेची चेन ओढायला सुरुवात केली.

अण्णांच्या हातातलं उलथणं थांबलं. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मुद्दाम जाळायचा म्हटलं की मला नाही जमत रे. तो आपोआप जळतो."

ते ऐकून माझ्याच्याने राहवेना. "सरका अण्णा," मी म्हणालो. "मी करतो."

माझी योजना शास्त्रशुद्ध होती. चिमूटभर, मोजका, एका जागी राहणारा धूर. त्यासाठी गॅस मोठा केला, तव्यावर तेल ओतलं आणि त्यात पाव सोडला. तेल जास्त पडलं. ते शोषायला मी खांद्यावरचा पंचा पुढे केला, आणि त्याचं टोक बर्नरवर गेलं. पंचा पेटला असं ताई आजही सांगते. तो कडेने लाल झाला होता, एवढंच. पण तव्यातून काळा लोट सरळ छतापर्यंत गेला. सहा अलार्म एकदम ओरडले, मी सातवा होतो, आणि हातात धुमसता पंचा घेऊन आता काय करायचं हे मला अजिबात सुचत नव्हतं.

"सोड तो," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्याने तव्यावर झाकण टाकलं, माझ्या हातातून पंचा घेऊन मोरीत टाकला आणि नळ सोडला. मग खिडकी उघडली. हे सगळं होईपर्यंत मी फक्त तोंड मिटू शकलो होतो.

अलार्म थांबल्यावर निरीक्षक जेवणाच्या टेबलाशी बसले आणि बराच वेळ लिहीत होते. शेवटी त्यांनी शिक्का मारून कागद ताईकडे दिला. माझ्याकडे नाही, ताईकडे. अधिकारी अधिकाऱ्याला ओळखतो. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"'सहाही यंत्रे सुस्थितीत. बाथरूमनजीकचे यंत्र चार पावले सरकवावे. वडील स्वयंपाकघर वापरण्यास पूर्णपणे योग्य. शेरा: चिरंजीव स्वयंपाकघरात असताना वडिलांनी जवळ उभे राहावे.'"

मी म्हणालो, की शेरा जरा एकतर्फी वाटतो. कुणी लक्ष दिलं नाही. ताईने शिक्का उजेडात धरून पाहिला, कागदाची घडी घातली, आणि अण्णांसमोर बसून उरलेल्या दोन कापांतला एक उचलला.

"अण्णा इथेच राहतील," ती म्हणाली. "याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."

"तेच मी म्हणत होतो," अण्णा म्हणाले. ते असं कधीही म्हणाले नव्हते. "चहा टाकतो. तू बस."

ताई चहा घेऊन गेली. एकटीच. प्रमाणपत्र तिने जाण्यापूर्वी फ्रिजच्या दारावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघालो. आतून चहाचा वास येत होता. अण्णांनी माझी पावलं ओळखली, कोड्यातून डोळे वर केले, पेन्सिल खाली ठेवली आणि दारापर्यंत मला घ्यायला आले.

"थांब," ते म्हणाले. "एकटा शिरू नकोस. मी आहे."